मधली बारा वर्षं

नाकारलेल्या अर्जांमधला चौदावा अर्ज उघडला आणि देवयानीला स्वतःच्याच घराचा पत्ता दिसला. सेक्टर एकोणीस, नोएडा, घर नंबर तोच, फोनही तोच, ज्याची तार तिच्या मुलाने, शार्दूलने, क्रिकेटच्या नादात दोनदा तोडली होती. आधी तिला वाटलं, आपणच कधीतरी गंमत म्हणून खोटा अर्ज भरून ठेवला असेल. पहिल्या आठवड्यात असे चार-पाच भरले होते; एकात तर जयंतचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव घालून शिक्षण चौथी नापास लिहिलं होतं, आणि यंत्राने त्याला तडकाफडकी बाहेर काढल्यावर घरी जाऊन त्याला ते हसत हसत सांगितलंही होतं. पण हा अर्ज खोटा नव्हता. वासंती भालचंद्र चांदोरकर, वय एकोणचाळीस. देवयानीची मोठी जाऊ. सकाळी साडेसहाला देवयानीच्या डब्यात मेथीचे पराठे भरून, लोणचं सांडेल गं, डबा सरळ धर, असं बजावणारी वासंतीवहिनी. आणि आत्ता, दुपारी तीनला पाच-सात मिनिटं कमी असताना, गुडगावच्या एका काचेच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर ती देवयानीच्या पडद्यावर लाल अक्षरांत बाद होऊन पडली होती.

गेले पंधरा दिवस देवयानीचे पाय जमिनीवर नव्हतेच. एक नवी खाजगी बँक गुडगावात एकदम चार शाखा उघडत होती, तिला काउंटरवर बसणारी माणसं हवी होती, आणि ती शोधून द्यायचं काम देवयानीच्या कंपनीला मिळालं होतं. अर्ज आले चार हजार एकशे बारा. बँक मुलाखतीला बोलावणार साठांना. चार वर्षांपूर्वी, नव्व्याण्णव साली, असं काम आलं असतं तर सहा जणांनी महिनाभर मान मोडून अर्ज वाचले असते, चहाचे डाग पाडले असते आणि शेवटी ज्याचा फोटो बरा त्याला वर ठेवलं असतं. आता नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्याला फक्त नियम सांगायचे: कोणाला दारातूनच परत पाठवायचं, कशाला किती गुण द्यायचे, कशाचे किती कापायचे. मग एक बटण दाबायचं आणि ते सगळ्यांना रांगेत उभं करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिची साहेबीण निधी माथुर हिने हे नियम लिहायचं काम एकट्या देवयानीवर सोपवलं होतं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा बरोबर अकरा सेकंद लागले होते. अकरा सेकंदांत चार हजार माणसं! देवयानी एकटीच मोठ्याने हसली होती आणि पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वर करून पाहिलं होतं. त्या दिवसापासून तिला झोपेतही नियम सुचत. कुकरची शिट्टी मोजताना सुचत, डीएनडीच्या पुलावरून ऑफिसची क्वालिस गाडी सुसाट निघाली आणि खाली यमुना चमकली की सुचत. अकरा नियम झाले होते, एकाहून एक घोटीव. आज पाच वाजता यादी बँकेला जायची होती, आणि ती नीट उतरली तर पुढचं बँकांचं सगळं काम देवयानीकडे, हे निधीने तोंडाने म्हणून दाखवलं होतं.

यात नुसती बढतीची हाव नव्हती हो, खोटं कशाला बोला. तिचे वडील बळवंतराव बत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांत त्यांच्याकडे महिन्याला एक तरी पाहुणा यायचा. तो उतरलेला असायचा महाराष्ट्राच्या सरकारी सदनात, हातात चिवड्याची पिशवी, बगलेत मुलाच्या गुणपत्रिका, आणि चहा अर्धा झाला की हळूच म्हणायचा, बळवंतराव, तेवढा शब्द टाका. बळवंतराव चिवडा ठेवून घ्यायचे, पाहुण्याला बसस्टॉपपर्यंत पोचवायला जायचे आणि शब्द कधीच टाकायचे नाहीत. वशिल्याचं तट्टू चार पावलं चालतं, म्हणायचे. नात्यातली माणसं त्यापायी तुटली, एक आत्या तर कायमची. लहान देवयानीला वडिलांचा अभिमान वाटायचा आणि आत्याची आठवणही यायची. आता हे यंत्र मिळालं, ज्याला ना आत्या ना काका, ना चिवडा. ते कोणालाच ओळखत नव्हतं. त्याच्या प्रेमात न पडायला ती काय दगडाची होती? आणि निधीची शिस्त अशी, की यादी पाठवण्यापूर्वी नाकारलेल्यांतले कुठलेही वीस अर्ज काढून डोळ्यांनी वाचायचे, काही मूर्खपणा झालाय का ते बघायचं. तेरा अर्ज वाचून देवयानी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. मग चौदावा उघडला.

कारण पुढेच लिहिलं होतं: नियम तीन, नाव जुळत नाही. अर्जावर वासंती, पदवीवर हेमलता विश्वास देऊळगावकर. देवयानी त्या नावाकडे पाहतच राहिली. हेमलता. बारा वर्षं एका घरात, एका ओट्यावर, एका कपाटाच्या दोन फळ्यांवर काढली, आणि आपल्याला हे ठाऊक असून ठाऊक नव्हतं. सासूबाईंचं नाव हेमलता. थोरली सून आली तीही हेमलता. एका घरात दोन हेमलता कशा चालतील, हाक कोणाला मारली ते कळायचं कसं, म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात भालचंद्रभाऊजींनी अंगठीने वासंती असं लिहिलं. कोणी जुलूम केला नव्हता, कोणी रडलंही नव्हतं. पाटावर बसल्या बसल्या अमरावतीची हेमलता संपली आणि दिल्लीची वासंती उठली. दोन-तीन महिन्यांनी देवयानीच्या लग्नात तेच ताट आलं तेव्हा तिने, आपलं दिल्लीतच वाढलेलं तोंड, सरळ सांगून टाकलं होतं की देवयानीच लिहा. भटजी चपापले. जयंतने निमूट देवयानी लिहिलं. मागे उभ्या असलेल्या नव्या जावेने तिच्या खांद्यावरचा शालू सारखा करता करता कानाशी म्हटलं होतं, "बरं केलंस." सासूबाई जाऊन आता चार वर्षं झाली. नाव मोकळं झालं, पण ते परत घे म्हणून वासंतीला म्हणायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि नियम तीन कोणाचा? देवयानीचाच. मागे एका पठ्ठ्याने चुलतभावाची पदवी दाखवून नोकरी मिळवली होती, तेव्हापासून कंपनीने त्या बाबतीत कानाला खडा लावला होता. सॉफ्टवेअरवाल्यांनी बिचाऱ्यांनी विचारलंही होतं, मॅडम, शादी के बाद सरनेम बदलता है, तो सिर्फ फर्स्ट नेम मिलाएँ? आणि देवयानीने, ऐटीत पेन फिरवत, बिल्कुल, म्हणून टाकलं होतं. पहिलं नाव कुठे बदलतं? त्या खोलीत एक पंजाबी, एक तमिळ आणि एक बंगाली होता. त्यांच्यापैकी कोणी हे म्हटलं असतं तर क्षम्य होतं. ज्या खोलीत तांदळाचं ताट माहीत असलेली एकच बाई होती, तिनेच हा घोळ घालावा? स्वतःचं नाव वाचवलं आणि ज्यांची गेली त्यांना साफ विसरली. देवयानीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण खरं सांगायचं तर लाजेच्या जोडीला, लाजेला ढकलून, तिच्या पोटातून आनंदाची एक उकळी वर येत होती. वहिनीने अर्ज केला! घरात कोणाला न सांगता, भाऊजींना नाही, मला नाही, मला तर नाहीच नाही, अर्ज केला! कधी लिहिला असेल? कुठे बसून? पदवीची झेरॉक्स काढायला अट्टा मार्केटला कधी गेली असेल? बी.कॉम. पहिला वर्ग. अमरावतीच्या सहकारी बँकेत चार वर्षं कॅशियर. देवयानीला रविवारचे पत्त्यांचे डाव आठवले, वहिनी पत्ते वाटायची तेव्हा कोणाला एक पान कमी-जास्त कधीच आलं नव्हतं, आणि बोटं दिसायचीच नाहीत. आपण म्हणायचो, हात बसलाय हो तुमचा. कशाने बसलाय हे कधी विचारलं नाही.

तिने नियम उघडला. लग्नाचा दाखला जोडलेला असेल तर पहिलं नाव वेगळं चालेल, एवढं एक कलम घातलं. दोनदा चुकलं. मग बटण दाबलं. अकरा सेकंद या वेळी फार लांबले. नऊ बायका परत आल्या. नऊच, पण त्यांतली एक इंदुमती होती जिची पदवी सुनीताच्या नावाची होती, आणि देवयानीला ती ओळख ना पाळख असताना मिठी मारावीशी वाटली. वासंती भालचंद्र चांदोरकर: क्रमांक एकाहत्तर. यादी साठांची. देवयानीने खुर्ची मागे ढकलली आणि पुन्हा पुढे ओढली. एकाहत्तर! चार हजारांतून! कोणाच्या शब्दाशिवाय, बारा वर्षं बँकेचं दार न पाहता, एकाहत्तर! ती अभिमानाने फुगली आणि पुढच्या क्षणी तिच्या लक्षात आलं की एकाहत्तर आणि चार हजार एकशे बारा यांत आज संध्याकाळी काडीचा फरक राहणार नाही. दोघांनाही बोलावणं जाणार नाही. आणि नियम एक म्हणत होता, वय चाळिसाच्या आत. ही अट बँकेची होती, तिला हात लावता येत नव्हता. वहिनीचा वाढदिवस डिसेंबरात. म्हणजे पुढच्या वेळी नाव जुळो न जुळो, तिला दारातूनच परत पाठवायचं होतं. जे काय व्हायचं ते आज पाचच्या आत.

गुण कुठे गेले ते पाहायला तिने रकाना उलगडला. सगळीकडे भरघोस होते. एका ठिकाणी सहा कापले होते. नियम आठ: नोकरीत खंड, दर वर्षाला अर्धा गुण वजा. हा नियम बँकेने मागितला नव्हता. हा सुचला होता डीएनडीवर, एका सोमवारी, खिडकीतून वारा येत असताना. बसून राहिलेलं माणूस गंजतं, असं काहीसं तेव्हा डोक्यात आलं होतं आणि आपण काय शोध लावला म्हणून देवयानी दिवसभर खूश होती. बसून राहिलेलं. तिला एक सकाळ आठवली, शार्दूल तीन महिन्यांचा, तिची रजा संपलेली, चार्टर्ड बस सेक्टरच्या नाक्यावर येऊन हॉर्न देतेय आणि पोर छातीला चिकटलेलं सुटत नाहीये. वहिनीने आपल्या लेकीला, तनयाला, कडेवरून खाली ठेवलं, शार्दूलला घेतलं आणि म्हटलं, तू पळ, मागे बघू नकोस, बघितलंस की तो जास्त रडेल. देवयानी पळाली होती. दुधाने ब्लाउज भिजला होता आणि बसमध्ये ती पर्स छातीशी धरून उभी होती. मागे बघितलं नव्हतं. मग ते अंगवळणीच पडलं. तिच्या स्वतःच्या बायोडेटात एका महिन्याचाही खंड नव्हता आणि ती हे मुलाखतींत मान ताठ करून सांगायची.

नियम आठ काढून टाकावा. माऊसवर बोट गेलं आणि थांबलं. कोणासाठी काढतेयस? कानात बळवंतरावांचा आवाज आला, चढलेला नव्हे, साधा, बसस्टॉपवरून परत आल्यावरचा. नावाची चूक ही चूक होती, ती दुरुस्त केली, त्यात कोणाचा वशिला नाही. पण हा नियम कालपर्यंत तुला पटत होता. घरचं माणूस आडवं आलं आणि पटेनासा झाला, होय ना? देवयानीने खूप प्रयत्न करून पाहिला. अर्जावरचं नाव झाकलं, मनातून पत्ता पुसला, ही कोणी आग्र्याची बाई आहे असं धरलं. आग्र्याच्या बाईने बारा वर्षं घर चालवलं तर तिचे गुण कापावेत का? नाही कापावेत. मग काल का कापले? कारण आग्र्याची बाई देवयानीच्या डोळ्यांपुढे आलीच नव्हती, आणि वहिनीही तिथे आल्याशिवाय ती आली नसती. यातलं न्यायाचं किती आणि नात्याचं किती, हे वेगळं काढणारी चाळणी तिच्याकडे नव्हती. तरी, काय सांगावं, तिला आतून सुखच वाटत होतं. ती उठली आणि सरळ निधीच्या काचेच्या खोलीत जाऊन सगळं ओकली: जाऊ आहे, घरचा पत्ता आहे, नाव असं बदललं, एकाहत्तरवर आहे, आणि मला नियम आठ काढायचाय, आणि मला माहीत नाही मी का काढतेय.

निधी माथुर चष्मा कपाळावर चढवून ऐकत होती. तिने एकच विचारलं, खंडाचा नियम बँकेने मागितला होता का. देवयानी म्हणाली, नाही, मी घातला. निधीने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा.

"तो फिर तुम्हारा रूल है," ती म्हणाली. "गलत है तो सबके लिए हटाओ. सही है तो भाभी के लिए भी रखो. मुझसे मत पूछो, यार, मैं तो तुम्हारी भाभी को जानती भी नहीं."

मुलाखत बँकच घेणार, तेव्हा त्याची काळजी नको, असंही तिने सांगितलं. फक्त यादीतल्यांना आज जे खातरजमेचे फोन करायचे, त्यातला हा दुसऱ्या कोणाला द्यायचा का? देवयानीने मान हलवली. हा मीच करणार. निधी हसली आणि म्हणाली, कर, पण ठरलेले पाच प्रश्न सोडून एक शब्द इकडेतिकडे बोललीस तर यादीतून मीच नाव काढीन.

देवयानी जवळजवळ धावतच जागेवर आली. नियम आठमध्ये उणे अर्धा होतं तिथे तिने शून्य टाइप केलं. बंद वर्षांचं कोणाला काही कापायचं नाही, पुरुष असो, बाई असो, आजारी असो, कोणी असो. शून्य. किती सोपं होतं! बटण दाबलं. सेकंद मोजलेच नाहीत. नावं वरखाली हलली, थांबली, आणि तेविसाव्या ओळीत वहिनी होती. तेवीस. देवयानीने तळव्याने टेबलावर थाप मारली. कोण्या शर्मा नावाच्या, मघापर्यंत साठावा असलेल्या आणि आता चौऱ्याहत्तरावर गेलेल्या करोलबागेतल्या माणसाच्या नावावर तिची नजर क्षणभर अडखळली. त्याला काय कळणार, तो वर होता कधी आणि खाली आला कधी. तिला त्याचं वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण तेवीस हा आकडा इतका गोड होता की वाईट वाटणं फार टिकलं नाही. आपण केवढी न्यायी बाई आहोत, असं तिच्या मनात आलंच. उण्याचं शून्य केलं! बळवंतरावांनासुद्धा पटलं असतं.

साडेचारला तिने घरचा नंबर फिरवला. रोज फिरवायची तोच नंबर, रोजचीच बोटं, पण आज तो सावकाश फिरवला. पुढ्यात पाच प्रश्नांचा कागद होता. तिकडे तीनदा घंटी वाजली, मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज, मागे टीव्ही, तनया काहीतरी मागतेय, आणि वहिनीचं हॅलो. देवयानीने आवाज ऑफिसचा केला.

"क्या मैं हेमलता देऊळगावकर जी से बात कर सकती हूँ?"

तिकडे टीव्ही बंद झाला. तनयाला आत जायला सांगितलं गेलं. ओळखला नसेल का आवाज? न ओळखायला काय झालं, याच आवाजात रोज दुपारी विचारणा व्हायची, शार्दूल जेवला का. देवयानीला वाटलं, आता ती हसेल, अगं काय हे म्हणेल.

"बोल रही हूँ," वहिनी म्हणाली.

तो आवाज देवयानीने बारा वर्षांत ऐकला नव्हता. सरळ, ओट्यापासून लांबचा, काउंटरच्या पलीकडून यावा तसा. पहिला प्रश्न, जन्मतारीख. दुसरा, गुडगावला रोज येणं जमेल का. जमेल, चार्टर्ड बसची वेळ काढून ठेवलीय. तिसरा, कॉम्प्युटर येतो का. शिकतेय, तीन महिने झाले, सेक्टर अठराला, सकाळी अकरा ते बारा. तीन महिने! आणि मी दुपारी फोन करायची तेव्हा आत्ताच बाजारातून आले म्हणायची. चौथा, नावात बदल का. लग्नानंतर, दाखला जोडलाय. देवयानी भराभर लिहून घेत होती, डोळ्यांत पाणी येत होतं आणि हसूही येत होतं, आणि कागदावरचा पाचवा प्रश्न तिने स्वतःच छापून घेतला होता हे वाचायला लागल्यावर तिला आठवलं.

"नौकरी छोड़ने के बाद, बीच के बारह साल, आपने क्या किया?"

"मराठीत सांगितलं तर चालेल का, मॅडम?"

"चालेल," देवयानी म्हणाली.

"माझ्या जावेची नोकरी सुटू नये म्हणून तिचं मूल सांभाळलं. माझं होतंच. सासूबाई तीन वर्षं अंथरुणात होत्या, त्यांचं सगळं केलं. जाऊ सकाळी साडेसहाला जायची, संध्याकाळी सातला यायची. एकही दिवस तिला माझ्यामुळे रजा घ्यावी लागली नाही." वहिनी रडवेली नव्हती, हिशोब बिनचूक लागलेल्या माणसासारखी बोलत होती. "तिच्या अनुभवात ही वर्षं धरली जातात. माझ्या अनुभवात धरता येतील का, तेवढं सांगा."

पडद्यावर तेविसावी ओळ होती आणि नियम आठसमोर ते शून्य होतं, वीस मिनिटांपूर्वी जे पाहून देवयानी टाळी वाजवायची बाकी राहिली होती. तिने त्या शून्याकडे पाहिलं; ते कापत काही नव्हतं, पण देतही काही नव्हतं. काचेपलीकडून निधी हाताची पाच बोटं दाखवून पाच वाजत आल्याची खूण करत होती. जे बोलायचं नाही असं बजावलं होतं तेच पहिलं तोंडातून निघालं.

"वहिनी..."

"वहिनी म्हणायचं ते घरी आल्यावर," तिकडून आवाज आला. "आधी उत्तर द्या."